रुंदी एक मीटर वीस

जिन्याची रुंदी एक मीटर वीस.
ऑफिसात मी ती कागदावर आखतो,
मग टेप घेऊन बघायला जातो.
अजमान, मजला नववा, दुपारचा एक,
जिन्यात एसी नाही.
खाली वॉचमन गुलजमान खुर्ची टाकून बसलेला.
भला माणूस, पण त्याची खुर्ची
पंचेचाळीस सेंटिमीटर खाते.

नियम सांगतो, धूर माणसापेक्षा उतावळा असतो.
असं कुठे लिहिलेलं नाही,
पण सगळी कलमं वाचून झाली की
हाताला एवढंच लागतं.
दार पळणाऱ्याच्या दिशेनं उघडावं.
कुलूप नको, कडी नको,
अंगानं ढकललं की सुटलं पाहिजे.
आमच्या दाभोळला दार आत उघडतं,
येणाऱ्यासाठी.
बाहेर पडणाऱ्याचा विचार
तिथल्या सुतारानं केला नव्हता,
आणि बाहेर तर आम्ही सगळेच पडलो.

फ्लॅट नऊशे चार.
नकाशात दोन खोल्या, एक हॉल, माणसं सहा.
आत प्लायवूडच्या भिंती, दोरीवर पडदे,
दुमजली पलंग,
आणि दाराकडे जाणाऱ्या बोळात
शौकत परकारचा फ्रिज.
डंबर रात्रपाळी करून झोपलाय,
त्याचा पाय पडद्याबाहेर आलेला.
पायाचं काय लिहायचं?
अडथळा, तात्पुरता.

शौकतभाई चहा पुढे करतात.
"साहेब, चौदा लिहू नका."
मला साहेब म्हणताना त्यांना हसू आवरत नाही,
कारण खिडकीजवळचा वरचा पलंग माझा आहे.
यादीत ही इमारत आली तेव्हा
मी नंबर दोनदा वाचला होता.

चौदा लिहिले, तर महिन्याच्या आत आठ जण
गाद्या गुंडाळून फुटपाथवर.
सहा लिहिले, तर
ते सहा कोण, हे धूर विचारणार नाही.

दारावर हिरवा माणूस,
एक पाय चौकटीबाहेर, कधीचा.
आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत,
'येतो' म्हणतात.
मीही तसंच म्हणून निघालो होतो,
अकरा वर्षं झाली.
त्या हिरव्या माणसाला मात्र
मागे वळून कुणाला काही सांगायचं नाही.
त्याचं बरं आहे.

रात्री मी डोळे मिटून चालून बघतो.
पलंगापासून दारापर्यंत पावलं अकरा,
त्यात एकदा डंबरच्या चपला,
एकदा कुणाची तरी तांदळाची गोणी.
सातव्या पावलाला कपाळ फ्रिजवर आपटतं.
"कोण रे?" शौकतभाई अंधारातून.
"आग," मी म्हणतो.
ते काही बोलत नाहीत. उठतात.
दोघं मिळून फ्रिज ओढतो.
फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग,
चार वर्षांचे.
मी टेप लावतो. मोबाईलच्या उजेडात
आकडा ते वाचतात:
एक मीटर पाच.
अजून पंधरा हवेत.

आम्ही दोघंही बोळाकडे बघतो.
बाहेर आलेला तो लोखंडी कोपरा
माझ्याच पलंगाचा.
नकाशातला माणसांचा रकाना
अजून कोरा आहे.