रवाक की फिराक

वहीत पाच गावं होती.
दोन मी न बघताच खोडली.
एकात शाळा चौथीपर्यंतच,
दुसऱ्यात समुद्र इतका उशाशी
की अप्पांना झोपच लागली नसती.
उरलेल्या तिनांत हे पहिलं :
सावंतवाडी. पुढे कंसात मीच लिहिलेलं, 'तळं'.

पिंपरीहून गाडीत चौघं आणि एक कुंडी.
कुंडी अप्पांची, पानओव्याची.
"मागे कोण बघणार तिला?"
आंबोली उतरेपर्यंत ती त्यांच्या मांडीवर,
वळणावळणाला ओव्याचा वास पुढच्या सीटपर्यंत.

मी हिशेबनीस.
मला तळ्याआधी आकडे दिसतात :
डायलिसिस आठवड्यातून दोनदा,
गोव्याकडे किती किलोमीटर, कुडाळकडे किती,
भाडं, अनामत,
काठावरच्या बाकावर लॅपटॉप उघडला तर
रेंजच्या किती दांड्या.
(तीन. वाऱ्यावर दोन.)

हर्षल मात्र गाडी लावून
नुसता कठड्याला टेकून उभा.
संध्याकाळी फेरी मारणारी माणसं
त्याच्याकडे बघत गेली,
दुसऱ्या फेरीला हसली,
तिसऱ्या फेरीला एकानं विचारलंच,
"रवाक ईलात की फिराक?"
हर्षल म्हणाला, "बघतोय."
तो माणूस म्हणाला, "बघा बघा,"
आणि चौथ्या फेरीला निघून गेला.

चितारआळीत निहारनं
लाकडी पेरू नाकाशी धरला.
रंगाचा वास.
"इथली मुलं खोटी फळं खातात का?"
दुकानदारानं मान वर न करता
वांग्याला देठ रंगवला :
"खऱ्याचा सीझन संपलो की."

घर बघायला लुर्दिनबाईंकडे.
दोन खोल्या, पडवी, मागे विहीर.
मी विचारलं, एप्रिलमध्ये पाणी?
"खाली जाता. पण जावन जावन जातला खंय?"
हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना.
मी शाळेची फी विचारली,
कचऱ्याची गाडी, सापांचं विचारलं.
सापांवर त्या बराच वेळ बोलल्या,
प्रेमानं.

अप्पा तेवढ्यात मागे गेलेले.
अमळनेरचा माणूस, चाळीस वर्षं कारखान्यात मशीनपाशी,
विहिरीत वाकून बघत होता
जसं कुणी ओळखीचं खाली उभं असावं.
"आठे बरं शे," म्हणाले.
लुर्दिनबाईंना अहिराणी कळली नाही,
अप्पांना त्यांचं "बसा, चाय घेवा" कळलं.

निघताना मी वहीत लिहिलं : विचार करू.
आमच्या घराखालून पवना जाते,
फेस घेऊन, कुणाचा तरी सगळा राग घेऊन जाते.
निहारनं गाडीतून विचारलं,
"हे तळं कुठे जातं?"
कुठेच नाही, म्हटलं.
"मग कंटाळत नाही?"
हर्षलनं आरशात माझ्याकडे बघितलं.
मी नकाशा मोठा केला.

कुंडी परत आली.
धुळीत, एका बाजूनं बोडकी.
प्रवासात मोडली असेल, मी म्हटलं.
अप्पांनी पेपर वर धरला.

नवव्या दिवशी, महिनाअखेरच्या गडबडीत,
फोन. अनोळखी नंबर.
"मी लुर्दिन. तुमच्या म्हाताऱ्यान
माझ्या बावीकडे ओवो लावन ठेवलोहा.
धरलोहा तो. दोन पाना ईली.
पाणी मी घालतंय.
पण कितके दिस?"

शनिवारचं दुसऱ्या गावातलं लॉज बुक आहे,
पैसे परत मिळत नाहीत.
"सांगते," म्हणाले मी,
आणि वही शोधायला उठले.
अप्पा आतल्या खोलीत,
टीव्हीचा आवाज कमी केलेला,
कान दाराकडे.