तळाची ओळ

नानलपेठेत मुजीबमामूच्या 'हिना व्हिडिओ गेम'मध्ये
मुलींनी येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं.
येत कुणी नव्हतं, एवढंच.
मी दाराच्या पडद्याशी, हातात भारत्याचा डबा.
"चल की, आई बोलवायलीय."
"थांब गं, एकच जान राहिलीय."

त्याचे डोळे निळ्या माकडावर,
माझे पडद्याच्या तळाला.
तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ:
वर्तुळात सी, मग १९८७, मग मिनेगिशी.
वर सगळं उड्या मारायचं,
ती ओळ हलायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवी कॅसेट आली, माकड तेच,
खाली मिनेगिशी-ताकेदो.
"शादी हुई होगी," मामू म्हणाला,
"नाव जोडलंय ना, मग."
त्याच्या पुढच्या वर्षी तळ कोरा.
माकड नुसत्या काळोखावर उभं.
कंपनी मेली, असं मी घरी जाऊन सांगितलं.
आईनं विचारलं, "कोण मेलं गं?"

आता मी पोटासाठी कंपन्यांचे कागद बघते.
दोन जिनिंग, एक सरकीची गिरणी,
एक डेअरी, जिचे तिन्ही संचालक एकमेकांशी बोलत नाहीत.
परवा लाइट गेली, लॅपटॉपला तासभर चार्ज होता,
मिनेगिशीचे जुने अहवाल उघडले,
यंत्रानं केलेल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत.

सुरुवात गुंड्यांची.
१९३१, ओसाकाच्या अलीकडं एक ओढा, शिंपले,
शिंपल्यातून कापलेल्या सदऱ्याच्या गुंड्या.
मग युद्ध, मग पितळी गुंड्या,
मग ज्यांच्या छातीवर लावायच्या ती माणसंच कमी.
पुढं प्लास्टिक आलं.
पोरानं स्टेशनांवर वजनाचे काटे मांडले,
नाणं टाकलं की वजन आणि नशीब एकाच चिठ्ठीत.
नातवानं गुंड्यांच्या गोदामात चार इंजिनियर बसवले.
माकड त्यांतल्याच कुणीतरी काढलं.
अहवालात नाव नाही.
"कर्मचारी: ४" एवढंच आहे.

म्हणजे हे घर पहिल्यापासून
लावायच्या गुंडीवरून दाबायच्या बटणावर आलं.
मी एकटीच हसले. अंधार होता.

विलीनीकरण खरं होतं, १९८८चं,
तीन समभागांना एक. मामूचं लग्न जमलं होतं.
पण मरण खोटं.
आमची कॅसेट चोरीची, कुठल्यातरी बंदरावर छापलेली,
कुणीतरी जाणून ती ओळ पुसली होती.
नानलपेठेचा एक रुपया ओसाकाला गेला नाही,
आणि मी जिचं सुतक धरलं
ती कंपनी अजून बावीस वर्षं पगार वाटत होती.

२०११ला अवसायन.
यादी मी दोनदा वाचली:
खुर्च्या चाळीस. कॉफीचं यंत्र एक.
गुंड्या पाडायचा दाब, नादुरुस्त, गिऱ्हाईक नाही.
निळं माकड, सर्व हक्कांसह,
पुस्तकी किंमत एक येन.

शून्य लिहिलं तर वस्तू हिशोबातून जाते,
म्हणून आठवणीपुरता एक ठेवतात.
हे मला कामामुळं माहीत आहे.

मामू आता पोराच्या दुकानात बसतो,
आधार, पीकविमा, झेरॉक्स.
एका डोळ्याचा मोतीबिंदू झालाय, दुसऱ्याची तारीख मिळालीय.
त्याला सगळं सांगितलं, गुंड्यांपासून.
तो मध्येच एका म्हातारीचा अंगठा यंत्रावर दाबून धरत होता,
लागत नव्हता. तिच्या रेषा झिजल्या होत्या.
"एक येन म्हंजे आपले किती?"
"तेव्हाचे? आठ आणे."
त्यानं म्हातारीचं बोट पदराला पुसून घ्यायला लावलं,
पुन्हा ठेवलं.
"आठ आने में तो मैं एक डाव देता था, बेटी.
कळवायचं नाही का कुणी."

भारत्याला रात्री फोन केला.
तो म्हणाला, माकड हिरवं होतं.