कड

टेबलावर झोपण्याआधी नागोजी हलगेकरांनी विचारलं,
"चप्पल काढू काय हो बाई?"
चोवीस वर्षं उद्यमबागेत, फौंड्रीत, मोल्डिंगला.
बनियनच्या शिवणीत अजून काळी वाळू.
ती फोटोत येत नाही.
येते ती आत गेलेली.

मशीनमधला आवाज हिंदीत बोलतो.
तो मी बंद ठेवते.
येळ्ळूरचा माणूस आला तर, श्वास धरा.
बैलहोंगलचा आला तर, उसिर हिडीरी.
हात डोक्यामागं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा,
आणि छाती वर जाऊन
तिथंच थांबलेली.

आठ सेकंद.
मग काचेच्या अलीकडं माझ्यापुढं
फुप्फुस उलगडतं, बेकरीतल्या लादीसारखं
काप काप.
उजवीकडं वर, हरभऱ्याच्या घाट्याएवढं
काहीतरी.

डॉक्टर मठपती त्याच्या कडेनं पेन फिरवतात,
पडद्याला न लावता.
कड गुळगुळीत असती तर बरं होतं.
काटे आहेत. पण जुन्या टीबीलाही काटे येतात.
मध्ये पोकळी. भिंत एका बाजूला जाड,
दुसऱ्या बाजूला इतकी पातळ की शंका यावी.
आणि शेजारी बारीक कळ्या धरलेली डहाळी,
ती संसर्गाचीच असते.
बहुशः, म्हणतात.
त्यांच्या कन्नडात त्याचा अर्थ कदाचित,
माझ्या मराठीत बहुतेक करून.
मी विचारलं नाही कुठल्या भाषेतलं.

बाहेर बाकावर शेवंताबाई.
सासऱ्याला क्षय होता तिच्या.
वेगळा तांब्या, वेगळी ताटली, गोठ्याशेजारी बाज,
नणंदेची ठरलेली सोयरीक त्यापायी मोडली.
ती माझा हात धरते, तिच्या हाताला कांद्याचा वास.
"टीबीच निघू दे की हो बाई.
सहा महिने गोळ्या ना?
मी मोजून घालते."
या दारात टीबी नको म्हणून रडलेली माणसं
मी खूप बघितली.
मागताना कुणी बघितलं नव्हतं.

बेडका दोनदा तपासला. काही सापडलं नाही.
सहा आठवडे औषध, मग परत या.

आज आलेत. वजन दोन किलोनं कमी,
किंवा मागच्या वेळी खिशात चाव्या असतील.
जुना फोटो डावीकडं उघडून ठेवलाय,
उजवीकडची चौकट काळी, रिकामी.
श्वास धरा, म्हटलं,
आणि स्पीकरचं बटण दाबून तशीच बसले,
घाट्याची वाट बघत.

"सोडू काय हो बाई?"
विचारण्यातच सुटला.

फोटो हलला.
कड पुसली गेली, काटे कुठले, कळ्या कुठल्या, कळेना.

परत काढू, म्हटलं, काका.
परत धरा.