दोनशेत एक

सकाळी सहाला माझे हात माझे नसतात.
कुणी उशाशी विसरून गेल्यासारखे पडलेले.
मूठ वळते ती निम्मी.
गॅसचा खटका अंगठ्याचं ऐकत नाही,
म्हणून पोरगा शाळेआधी दुधाचं पातेलं चढवतो
आणि विचारतो, आई, हात उठले का?

साडेसातला उठतात.
आठला शेडवर.

सावळजच्या वाटेला बेदाण्याची शेड.
काडी वेगळी, काळा वेगळा,
एकमेकांना चिकटलेले वेगळे.
सोळा वर्षं हेच. दाणा डोळ्याआधी बोटांना कळायचा.
मागल्या हंगामापासून कळेना.
रेहाना मुल्लाच्या तीन पेट्या, तेव्हा माझी एक.
मुकादम म्हणाला, चाळिशी आली, वारं धरलंय.
बायडाक्कानं निर्गुडीचं तेल दिलं,
जाऊबाईनं तांब्याचं कडं.
कुणी ताक सोड म्हणालं, कुणी वांगं.
वांगं सोडलं.
सूज काही मला सोडेना.

मिरजेत डॉक्टर शिरगुप्पेबाईंनी
बोटांची पेरं एकेक करून दाबली,
हंगामाच्या पहिल्या दिवशी मी दाणा दाबते तशी.
रक्ताचा कागद वाचला.
म्हणाल्या, झिजेचा नाही हा, आमवात.
दाराशी राखणीला ठेवलेलं कुत्रं
घरच्याच माणसांवर धावतंय.
त्याला मारायचं नाही, बांधून ठेवायचं.

असं किती जणांना असतं हो?
दोनशेत एखाद्याला. बायकांना जास्त.

चिठ्ठीवर 'रविवार' लाल शाईनं, खाली दोन रेघा.
सहा गोळ्या, आठवड्यातून एकदाच.
रोज घेतल्यास जिवावर बेतेल, असं त्यांनी
माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, पाढ्यासारखं.
दुसऱ्या वारी ती पिवळी, बारकी.
महिन्याला रक्त, वर्षाला डोळे.
गुण यायला दोन महिने. तोवर धीर धरा.
आणि मग? मग बरं होतं?
बरं होत नाही, त्या म्हणाल्या. निवतं.
मला तो शब्द आवडला.
चुलीतल्या निखाऱ्याला आम्ही हाच लावतो.

परतीच्या गाडीत मी हिशोब केला.
आमचं गाव पाच हजारांचं.
म्हणजे पंचवीस.
मग बाकीचे चोवीस कुठायत?

तेव्हापासून हात बघायची खोड लागली.
पोस्टातल्या बाई शिक्का दोन्ही हातांनी उचलतात.
तलाठ्याच्या आईची अंगठी
बोटात नाही, गळ्यातल्या दोऱ्यात आहे.
रेशनच्या मशीनवर एक म्हातारी
अंगठा सरळ टेकवू शकली नाही,
आणि रांग चिडली.
एका नव्या सुनेला सगळे आळशी म्हणतात.
मी तिला फक्त एवढंच विचारलं,
सकाळी वेणी घालता येते का गं?
तिचे डोळे भरले. पाच झाले.

रविवारी रात्री जेवण झालं की
पोरगा माझ्या तळव्यावर सहा मोजून ठेवतो.
सोमवारी तोंड कडू, पोटात ढवळतं,
शेडचा खाडा पडतो.
खाड्याचे पैसे कोण भरणार, हे चिठ्ठीवर नाही.
पण परवा, नवव्या आठवड्यात,
एक दाणा बोटांत धरला
आणि न बघता म्हणाले, हा काळा.
रेहानानं बघितलं.
काळाच होता.

काल दळण आणायला गेले.
गिरणीतला बसगोंडा डब्याचं झाकण
कोपरानं दाबून बसवत होता.
पुरुषांनाही होतं, बाईंनी सांगितलेलं.
पीठ उडत होतं, पट्टा ओरडत होता,
मला मोठ्यानं बोलावं लागलं.
म्हटलं, सव्वासातची मिरज गाडी आहे. येतोस?
त्यानं पट्टा बंद केला.
सव्वासातला माझे हात उठत नाहीत, तो म्हणाला.

माझेही नाहीत.

नऊ-दहाची धरू.