दोन टप्पे

ग्रँट रोडच्या पोटमाळ्यावर होमियारने
जुन्या पेपरवर तीन चाप मांडले.
शेजारी माझी एअर रायफल, उताणी, पोट उघडून.
दस्ता अक्रोडाचा, नळीवर निळसर झिलई,
सगळं हट्टानं साठ सालचं.
फक्त आतला चाप किरकिरतो,
गंजक्या कडीसारखा.

पहिला सोनेरी. "हा लग्नात मिरव."
दुसरा इतका हलका की श्वासानं सुटावा.
"पोरं हाच मागतात,
आणि छताला भोकं पाडतात."

तिसरा काळा, भुवईसारखा वाकडा.
त्यानं तो बसवून दिला.
मी रिकामीच रायफल खांद्याला लावली,
कॅलेंडरातल्या सतरा तारखेवर रोखली.
बोट मागे आलं, मऊ, बिनबोभाट,
आणि एक भिंत लागली.
इथं थांबता येतं.
इथून परतताही येतं.

गेल्या वर्षी वरळीला, शेवटच्या छर्‍याला,
हीच जागा नव्हती माझ्याकडे.
आठ पूर्णांक चार.
दोष मी वाऱ्याला दिला;
हॉल बंद होता.

"तेवीसशे. घासाघीस नको."
मी अजून भिंतीपाशीच.
खाली गल्लीत कुणी टेम्पो मागे घेत होतं:
येऊ दे, येऊ दे,
अजून, येऊ दे...
बस.