काटेवाल्याचं वरण

पंचफुला बल्लारशाला गेली
प्रणिताच्या बाळंतपणाला,
आणि घरात उरलो मी, गॅस, आणि तुरीच्या डाळीचा डबा.

बत्तीस वर्षं आर्वीच्या जिनिंगात काट्यावर उभा होतो.
गाडीत ओला कापूस दडवला असला
तर पोत्याला नाक लावून सांगायचो.
वरणात मीठ किती, ते कधी पाहिलं नव्हतं.

फोन लावला. डाळ किती?
"मूठभर."
कोणाची मूठ? तुझी का माझी?
पलीकडे नातू रडला, ती हसली.
मी डाळ मोजली, ऐंशी ग्रॅम, वहीत लिहिली,
पाणी लिहिलं, शिट्ट्या लिहिल्या.
पहिल्या दिवशीचं वरण पिवळं होतं.
याहून जास्त त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

"गोडनिंब कवा तोडला?"
सकाळी. धुऊन वाटीत ठेवला होता.
"मंग थो मेला ना!
मोहरी तडतडली का गॅस बारीक करजा,
मागच्या अंगणात जाजा,
डहाळी तोडून तशीच आणजा."

गॅसपासून गोडनिंबापर्यंत अकरा पावलं.
अकरा जाताना, अकरा येताना,
चपलेचा अंगठा तुटलेला.
आणि मधेच, न्हाणीपाशी, मला आठवलं
की फोडणी टाकता टाकता ती अशीच उठून जायची,
आणि मी पेपरातून ओरडायचो,
"अवं, गॅस जळून राह्यला!"
किती वर्षं ओरडलो, त्याचा हिशेब वहीत नाही.

न्हाणीच्या पाण्यावर तिचं सगळं चालतं.
फुटक्या माठात ओवा,
तेलाच्या डब्यात सांबार,
चिर गेलेल्या घमेल्यात लसणाची पात,
भिंतीला टेकून गवती चहा, कुणी सांगितल्यासारखा उभा.
तांदळाचं धोवण एकाला, डाळीचं दुसऱ्याला.
कोणतं कोणाला ते मी विसरलो,
म्हणून सगळ्यांना थोडं थोडं दिलं.
कुणी तक्रार केली नाही.

"सांबाराचे देठ नोका फेकू.
लसणासंगं ठेचा, आधी टाका.
पानं गॅस बंद केल्यावर.
मंग झाका, अन् गप बसा."
गप किती वेळ?
"ताट मांडजा, तांब्या भरजा,
दोन खेपा हाक मारजा.
तेवढ्यात मुरते."

मी ताट मांडलं.
तांब्या भरला.
हाक कोणाला मारू?
पहिल्या हाकेला मी कधी उठलोच नव्हतो.
पेपर घडी करायचा, चष्मा ठेवायचा, जांभई द्यायची,
दुसऱ्या हाकेला जरा चिडका आवाज,
मग पाटावर.
म्हणजे माझा आळसही
तिनं वरणात धरला होता.

घरात कोणी नसताना
"जेवाले या" म्हणणं सोपं नाही.
पहिल्यांदा आवाज फुटला नाही.
दुसऱ्यांदा जरा जोरातच निघाला,
आणि कुंपणापलीकडून कवडू म्हणाला,
"काय झालं हो भाऊ? साप निंघाला काय?"
"नाई. वरण हाय. ये."

कवडू बोलला काही नाही.
भाकर कुस्करली, वरण ओतलं,
वरून जवसाची चटणी, कच्चं तेल,
आणि मग भांडं स्वतःकडे ओढलं.
तळाशी चिकटलेली देठं
बोटानं निपटून खाल्ली.

सकाळी ओव्याची पानं खुडली,
प्रणितासाठी, गरम भज्यांपुरती,
ओल्या फडक्यात गुंडाळली,
बल्लारशाकडे निघालेल्या पोराच्या हाती द्यायला.
सवयीनं पुडी काट्यावर ठेवली.
काटा हलला नाही.
नाक लावलं,
आणि अजून चार पानं घातली.