खरवड

पिरावाडीच्या रेतीत होडकं पालथं घातलंय,
वर झावळांचा माटव.
सकाळपासून पातं चालवतोय
आणि उघडी झालीये जेमतेम दोन हात जागा.

वरचा निळा सहज सुटतो,
उन्हाने फुगलेला, पापडासारखा.
त्याखालचा हिरवा चिवट.
त्याला स्टोव्हची आच दाखवावी लागते,
मग तो सुरकुततो, वास सोडतो
आणि नाकात बसून राहतो रात्रीच्या जेवणापर्यंत.
हिरव्याखाली पिवळा,
रस्त्यावरच्या पट्ट्यांचा.
उरलेला डबा मुकादमाकडून कुणी उचलला, कितीला,
ते रुजाय मेस्त्रीला ठाऊक. तो नुसता हसतो.

नाळेजवळ पातं एकदम आत गेलं.
लाकूड नव्हतंच तिथं.
उकळून टाकलेल्या चहापुडीसारखं काहीतरी,
आणि एक बिचकलेली मुंगी.
म्हणजे सहा वर्षं
मी ह्याच फळीला पाय रेटून शीड चढवलं,
आणि पायाखाली होते
नुसते रंगाचे थर, एकमेकांना धरून.

मेस्त्री वाकला. नखाने टकटक केली.
"हो रंग नाय रे, हीच फळी होती."
विडी कानामागे सरकवली
आणि ऐनाचा तुकडा शोधायला गेला.

डाव्या अंगाला अजून हात लावलेला नाही.
तिथं पातं टेकवतो, उचलतो,
उंडीच्या तेलाचा डबा उगाच हलवून बघतो.

भरती माटवाच्या खांबापर्यंत आलीये.
रेतीत पडलेल्या कपच्या,
निळ्याच्या पोटात हिरवा, हिरव्याच्या पोटात पिवळा,
एकेक वेचून गोणपाटात भरतो.
मासे काय, काहीही गिळतात.